माथ्यापलीकडचं इंजिन

आधीच सांगून टाकते, यातलं काहीही मी रचलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा भाऊ आहे. आत्ता तो पलीकडच्या खोलीत झोपलाय. भर दुपार आहे, दार लोटलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

जानेवारी महिना होता. शुक्रवार. वाळवंटातल्या आमच्या लिवा गावाच्या दक्षिणेला, आमच्या शेताजवळच वाळूचा एक मोठा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी आम्ही चटई टाकून बसलो होतो. फजरची, पहाटेची नमाज नुकतीच झाली होती. धुकं इतकं दाट होतं, की हातातला कप दिसत होता पण समोर बसलेल्याचं तोंड दिसत नव्हतं.

पण त्या सकाळपर्यंत यायचं तर आधी सुरूरबद्दल सांगायला हवं.

सुरूर हा माझ्या धाकट्या भावाचा, हुमैदचा, लहानपणापासूनचा दोस्त. सुरूर ताडमाड उंच, हुमैद बुटका. दोघं शेजारी शेजारी चालायला लागले, की आमची आई म्हणायची, "आली उंट-बकरीची जोडी." सुरूर आमच्याच ताटात जेवून मोठा झाला. आई गेल्यापासून घरात माझाच शब्द चालतो, म्हणून तो मला 'हेडबाई' म्हणायचा. "हेडबाई, आज मछबूसच्या भातात मटण कमी का?" दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याचा कान पिळला असता. हुमैद मला ताई म्हणतो. हेडबाई म्हणणारा जगात तेवढा एकच होता.

दोघांचं वेडही एकच. गाडी डोंगरावर चढवायची.

आमच्याकडे हे वेड घरोघरी आहे. पॅट्रोल नावाची मोठी जीप गाडी घ्यायची, तिच्या इंजिनाला बाहेरून आणलेलं ट्विन टर्बोचं किट बसवायचं, आणि पायथ्यापासून सुसाट निघून एका दमात माथा गाठायचा. टर्बो म्हणजे एक भिंगरीच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. ट्विन म्हणजे अशा दोन. फिरताना त्या शिट्टी वाजवतात, आणि प्रत्येक गाडीची शिट्टी वेगळी असते. गाडी दिसायच्या आधीच कोण आलं ते आम्ही घरात बसून सांगतो.

सुरूरची शिट्टी तर पोरंसोरंही ओळखायची. खालच्या सुरात सुरू व्हायची, मध्येच अडखळायची... रडून दमलेलं मूल श्वास घेतं तशी... आणि मग एकदम वर जायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चढताना टर्बो तापून लाल होतात. माथा गाठला की गाडी लगेच बंद करायची नसते. इंजिन जागेवर गुरगुरत ठेवायचं म्हणजे आत तेल फिरत राहतं आणि टर्बो हळूहळू गार होतात. लगेच किल्ली फिरवली तर आतलं तेल जळतं आणि टर्बो कामातून जातो. त्यामुळे पायथ्याशी बसलेल्यांचा एक साधा हिशेब ठरलेला आहे. माथ्यापलीकडून इंजिनाचा आवाज येतोय ना? म्हणजे गडी सुखरूप पोचला, गार करतोय. आवाज थांबला तर मात्र धावायचं.

सुरूर गेला तो याच हिशेबामुळे.

आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. अशीच धुक्याची सकाळ होती. धुक्याने वाळू ओली होते, घट्ट बसते, चाकांना पकड मिळते, म्हणून ही मंडळी पहाटेच जमतात. सुरूर चढला. माथ्यावरून पलीकडे गेला. शिट्टी थांबली आणि इंजिन गुरगुरायला लागलं.

खाली हुमैद म्हणाला, "पोचला. गार करतोय. चहा ओता."

सगळ्यांनी चहा घेतला, खजूर खाल्ले. बराच वेळ झाला तरी इंजिन चालूच होतं. "आज टर्बोला बर्फ लावतोय की काय हा?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सुरूरची गाडी पलीकडच्या उतारावर कोलांटी खाऊन परत चाकांवर उभी राहिली होती. इंजिन चालू होतं. सुरूर आत होता. सीटचा पट्टा गळ्याभोवती आवळला गेला होता.

दाराच्या काचेवर आतून हाताचे ठसे होते.

खूप ठसे होते.

म्हणजे तो बराच वेळ जिवंत होता. काच बडवत होता. आणि हे लोक खाली बसून चहा पीत होते.

त्या दिवसापासून हुमैदने चहा सोडला. वर्षभर त्याने आपल्या गाडीला हात लावला नाही. घरात हूं की चूं नाही. मग यंदाची थंडी सुरू झाली आणि एका सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ताई, मला एकदा तो डोंगर चढायचाय. सुरूरच्या नावाने. एकदाच."

"तुझी गाडी कधी चढलीय का माथ्यापर्यंत? दर वेळी वर जाऊन धापा टाकते नि मागे घसरते."

"म्हणून तर टर्बो बदलतोय. किटमधले छोटे आहेत. मोठे बसवले की दम तुटणार नाही."

वर्षभराने त्याच्या तोंडावर जरा तरतरी दिसत होती. मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं, पण भाऊ वर्षभराने नीट बोलला तर कुठली बहीण आडवी जाईल?

काम आमच्या शेतावरच्या शेडमध्ये सुरू झालं. किट बसवणारे उस्ताद जब्बार बगदादचे. पोट सुटलेलं, जीभ त्याहून सुटलेली. मी जेवणाचं ताट घेऊन गेले, की ओरडायचे, "बहिणी, चहा कुठाय? चहाशिवाय जेवण म्हणजे तेलाशिवाय इंजिन!"

त्या दिवशीही मी दुपारचं ताट घेऊन गेले. दोघं जुहरच्या नमाजेसाठी हातपाय धुवायला गेले होते. शेडमध्ये कुणी नव्हतं. बॉनेट उघडं होतं. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन मोठे टर्बो बसवून झाले होते, पण नळ्या अजून जोडल्या नव्हत्या. टर्बोंची तोंडं उघडी होती आणि आतल्या पंख्याची पाती दिसत होती.

वारा नव्हता. बाहेर खजुराची झावळीसुद्धा हलत नव्हती.

आणि डावीकडचा पंखा... हळूहळू फिरत होता.

मला वाटलं, उस्तादांनी जाता जाता बोटाने फिरवला असेल. मी ताट खाली ठेवलं, वर झाकण घातलं, माश्या हाकलल्या. पंखा फिरतच होता.

घरात पोरांना दटावते तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरे आता."

पंखा थांबला.

एकदम थांबला, कुणी बोट लावून थांबवावा तसा.

मग... उजवीकडचा फिरायला लागला.

मी ताट तिथेच टाकून बाहेर आले. कुणाला काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते? लोखंडाने माझं ऐकलं म्हणून?

किट जोडून झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. शेडमधून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. हुमैदने पाय दाबला असावा. शिट्टी आली. खालच्या सुरात सुरू झाली... मध्येच अडखळली...

आणि वर गेली.

पिठाचे हात तसेच घेऊन मी धावत गेले. हुमैद स्टिअरिंगवर बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"कुठून आणलेस हे टर्बो?" मी ओरडले.

त्याने डोळे पुसले. म्हणाला, "भंगारवाल्याकडे होते, ताई. सुरूरच्या गाडीतले. कुणा परक्याने नेले असते. मला नाही बघवलं."

"अरे, माणूस मेला त्या गाडीत!"

"माणूस नाही, सुरूर मेला." एवढंच बोलून तो उतरला.

उस्ताद मधे पडले. "बहिणी, घाबरू नका. त्या आवाजात भूतबीत नाही. एका पंख्याच्या पात्याला बारीकशी खाच पडलीय, म्हणून तो अडखळतो. मी नवा पंखा टाकतो. आवाज गेलाच म्हणून समजा."

त्यांनी खरंच पेटीतून नवा कोरा पंखा काढला, माझ्यासमोर बसवला आणि खाच पडलेला जुना पंखा माझ्या हातात दिला. "घ्या, फेकून द्या."

गाडी पुन्हा सुरू केली. शिट्टी वाजली.

मध्येच अडखळली.

उस्तादांनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्यांचा कप भरलेला राहिलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतरच्या आठवड्यात सुरूरच्या आईने मला बोलावणं पाठवलं. उम्म सुरूर आमच्या शेताच्या रस्त्यावरच राहतात, एकट्याच. मी अस्रच्या नमाजेनंतर, दुपार कलल्यावर गेले. फाटक सताड उघडं होतं. ओसरीवर गहव्याचं, म्हणजे कॉफीचं, भांडं होतं आणि दोन कप मांडलेले होते. मी तिसरी.

मी म्हटलं, "खाला, तुमच्या कानावर ती शिट्टी आली असेल. माफ करा. हुमैदच्या गाडीला तसले टर्बो बसवलेत."

"हुमैद पिकअपने येतो-जातो ते कळतं मला." त्या शांतपणे म्हणाल्या. "तो फाटकापाशी हॉर्न देतो. मी त्याचं नाही म्हणत. दुसरा येतो त्याचं म्हणतेय."

"दुसरा कोण?"

"दुपारी येतो. फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून बसतो. मी म्हणते, आत ये की रे, जेवून घे. तर म्हणतो, आई, थांब. गार होऊ दे." त्यांनी कपात गहवा ओतला. "तू सांगशील का त्याला? तुझं ऐकायचा तो. किती वेळ गार करायची माणसाने?"

हुमैदची गाडी त्या सगळ्या दुपारी आमच्या शेडमध्ये होती. उस्तादांनी नवा पंखा बघायला पुन्हा अर्धं इंजिन उघडून ठेवलं होतं. ती जागची हलूच शकत नव्हती.

मी गहव्याचा कप तसाच ठेवून उठले.

परत येताना थेट शेडमध्ये गेले. गाडी तिथेच होती, बॉनेट उघडं. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

सीट अगदी मागे सरकवलेली होती.

हुमैद बुटका आहे. तो सीट पुढे, पार स्टिअरिंगला चिकटवून बसतो. एवढ्या मागून त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचणारच नाही. मी उस्तादांना हाक मारली. "तुम्ही सरकवलीत का ही?"

"मी कशाला आत बसू, बहिणी? माझं सगळं काम बॉनेटखाली."

त्या संध्याकाळी मी हुमैदशी कडाकडा भांडले. आईची शपथ घातली. म्हटलं, "तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? आहे कोण मला?"

"ताई, त्या दिवशी चहा ओता म्हणणारा मी होतो." तो म्हणाला. "मला तिथवर जाऊ दे. जिथे तो थांबला होता तिथवर. मग हे टर्बो काढून तुझ्या हातात देतो."

मी एवढंच म्हटलं, की मी सोबत येणार. आणि वायरलेस घेतल्याशिवाय तू गाडीत पाय ठेवायचा नाही.

तर ती शुक्रवारची सकाळ.

पायथ्याशी मी होते, उस्ताद होते आणि शेजारच्या शेतावरचे दोघे जण होते. धुक्यात डोंगर दिसतच नव्हता. मी हुमैदला म्हटलं, "आज नको. काही दिसत नाहीये." तो म्हणाला, "वाळू आजच घट्ट आहे. पोचलो की वायरलेसवर सांगतो." त्याने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि गेला. गाडी धुक्यात शिरली. मागचे लाल दिवे जरा वेळ दिसले, मग तेही गेले.

इंजिन गरजलं.

शिट्टी खालून सुरू झाली... अडखळली... वर गेली. दूर दूर जात राहिली. मी कलमा म्हणत होते. शिट्टी माथ्यावर पोचली. एरवी जिथे त्याच्या गाडीचा दम तुटायचा ती जागा मागे पडली. शिट्टी पलीकडे उतरली...

आणि थांबली.

एक क्षण काहीच नाही.

मग इंजिन गुरगुरायला लागलं. संथ, एकसारखं.

"अलहमदुलिल्लाह!" उस्ताद ओरडले. "चढला गडी! गार करतोय." शेजारच्या शेतावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या हातातला वायरलेस खरखरला.

"पोचलो..." आवाज लांबून आल्यासारखा होता. "चहा ओता, हेडबाई. गार होऊ दे."

उस्तादांनी थर्मास उचललासुद्धा.

हुमैदने जन्मात मला त्या नावाने हाक मारली नव्हती. मी बटण दाबलं. "हुमैद? हुमैद, ताई म्हण मला."

नुसती खरखर.

"हुमैद, एकदा ताई म्हण!"

पलीकडे इंजिन गुरगुरत होतं. हळूच, समाधानाने.

मी उस्तादांच्या हातून थर्मास हिसकावला. "चला! पिकअप काढा!"

"अहो बहिणी, इंजिन चालू आहे की. पोरगा सुखरूप..."

"सुरूरचंही चालू होतं!"

त्यांच्या तोंडावरचं हसू मावळलं. किल्ली पिकअपलाच होती. मीच बसले स्टिअरिंगवर. उस्ताद कसेबसे आत चढले. डोंगराच्या कडेने पलीकडे जायला एक कच्ची वाट आहे. समोरचं काही दिसत नव्हतं, मी आवाजाच्या रोखाने गाडी हाकत होते. आवाज पुढेच होता. आम्ही जवळ गेलो की तो थोडा आणखी पुढे. पुन्हा जवळ गेलो की पुन्हा पुढे.

"थांबा! थांबा!" उस्ताद किंचाळले.

मी ब्रेक दाबला. धुक्यातून एकदम गाडीचं तोंड समोर आलं. हुमैदची गाडी. टप चेपलेलं, काच फुटलेली, पण चाकांवर उभी.

आणि बंद.

इंजिन बंद होतं. तिच्यातून बारीकसाही आवाज येत नव्हता. उस्तादांनी बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला असणार, असं मला वाटलं. आत्ताच तर एवढा डोंगर चढून आली होती.

"गार आहे," ते पुटपुटले. "बर्फासारखी गार आहे."

बॉनेटवर दव साचलं होतं. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर साचतं तसं.

गुरगुर मात्र अजून येत होती. आमच्या पुढे, धुक्यात, हाकेच्या अंतरावर.

मी दार ओढलं. हुमैद आत होता. पट्टा गळ्याभोवती आवळलेला, ओठ निळे पडलेले. उस्तादांनी खिशातल्या चाकूने पट्टा कापला. मी त्याला गदागदा हलवलं, गालावर मारलं, नावाने हाका मारल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्याने एकदम श्वास आत ओढला. अर्धा ओढला... अडखळला... आणि मग पूर्ण ओढला.

त्याच क्षणी धुक्यातलं इंजिन बंद झालं. कुणीतरी किल्ली फिरवावी तसं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. चहा प्यायला बसलो असतो तेवढा उशीर, एवढं मला कळलं.

दिवस वर आल्यावर उस्ताद परत तिथे गेले होते. वाळूवर हुमैदच्या चाकांचे माग होते आणि आमच्या पिकअपचे होते. तिसऱ्या गाडीचे नव्हते. चटई आवरताना चहाच्या टोपलीत, कपांच्या खाली त्यांना हुमैदचा वायरलेस सापडला. तो न्यायला विसरला होता. बंदच होता.

आणि सीट. सीट पार मागे गेलेली होती. स्टिअरिंगचा दांडा आत घुसला होता. उस्ताद म्हणाले, सीट हुमैदच्या नेहमीच्या जागी असती तर दांडा छातीतून आरपार गेला असता. पण सीट तिथे असताना त्याचा पाय पोचला कसा, गाडी चढली कशी, हे त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी आमच्याकडचं काम तेव्हापासून सोडलं.

शुद्धीवर आल्यावर हुमैद एवढंच म्हणाला, "माथा दिसला, ताई. मग बाजूने सुरूरचा आवाज आला. म्हणाला, मागे सरक रे बुटक्या."

त्यापुढचं त्याला काही आठवत नाही.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. सुरूरने माझ्या भावाला वाचवलं म्हणावं, तर ते इंजिन कशाला चालू ठेवलं? आम्ही निवांत चहा पीत बसावं, आपल्या बाबतीत झालं तसंच व्हावं, म्हणूनच ना? आणि जीव घ्यायचा होता म्हणावं, तर मला हेडबाई कशाला म्हणाला? त्या एका हाकेवर मी उठणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला कळत नाही. मी त्याच्यासाठी दुआ मागते, आणि मागताना मला भीती वाटते.

टर्बो उतरवून आम्ही उम्म सुरूरना दिले. त्यांनी ते सुरूरच्या रुमालात बांधून त्याच्या खोलीत ठेवलेत. त्यांचं फाटक आता बंद असतं. मी एकदा विचारलं, "खाला, आता येत नाही का तो?" त्या माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत राहिल्या. "मला काय विचारतेस?" म्हणाल्या.

त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही.

हुमैद बरा झाला. डोंगराचं नाव काढत नाही. पॅट्रोल विकून टाकली आणि एक साधी छोटी गाडी घेतली. टर्बो नाही, किट नाही, काही नाही. मलाच बाजारात न्यायला-आणायला वापरतो. चहाही परत प्यायला लागलाय. माझं मन हळूहळू थाऱ्यावर येत होतं.

गेल्या मंगळवारी आम्ही भाजी घेऊन परत आलो. भर दुपार होती. त्याने गाडी अंगणात लावली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी उतरले, मागच्या पिशव्या काढल्या. तो उतरेना. समोर बघत बसून राहिला होता.

"चल की. जेवण निवतंय."

तो हलला नाही.

मी पुढच्या दारापाशी गेले. त्याचे पाय लांब पसरलेले होते. सीट पार मागे सरकवलेली होती.

"हुमैद?"

त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघून हसला.

"थांबा की, हेडबाई," तो म्हणाला. "गार होऊ दे."

मी पिशव्या उचलल्या आणि घरात आले. जेवायला ताट वाढलं. तो आला तेव्हा ताटाकडे बघून म्हणाला, मटण कमी आहे.